माझा छंद : लाकूड, यंत्र आणि गिरवायची पाटी

'माझा आवडता छंद' हा निबंध मी दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. दरवर्षी अर्ध्या वर्गाचा छंद क्रिकेट असतो आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाचा वाचन. 'काय वाचलं रे?' असं विचारलं की वाचनवाल्यांच्या माना खाली जातात. यंदा सहावीतल्या एका पोरानं वही देता देता मलाच विचारलं, "सर, तुमचा छंद तुम्ही कधी लिहिला का?" खरं सांगायचं तर नाही लिहिला. म्हणून हा निबंध. प्रस्तावना, मुद्दे, समारोप असे जे नियम मी फळ्यावर लिहून देतो ते यात सगळे पाळले जातीलच असं नाही. मुलांनी माझे गुण कापावेत.

माझा छंद म्हणजे घरातल्या छोट्या सीएनसी राउटरवर लाकडाच्या वस्तू कोरणं. नाव जड आहे, वस्तू साधी आहे. ॲल्युमिनियमची एक चौकट, तिच्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी एक लहान मोटर, आणि त्या मोटरीच्या तोंडात गरगर फिरणारी एक पेन्सिलीएवढी कातरी. कुठं जायचं, किती खोल जायचं, किती वेगानं जायचं हे संगणकातून आकड्यांनी सांगायचं. बास. दूध काढायच्या खोलीशेजारी आमची जुनी कोठी आहे, तिथं एका टेबलावर हे यंत्र मांडलंय.

पण या यंत्राच्या आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय छंदाची गोष्ट कळणार नाही.

आमचं घर सुताराचं. गाव केज तालुक्यातलं. आजोबांनी आणि नंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावची सुतारकी केली. नांगर, वखर, कुळव, तिफण, बैलगाडीचं जू, दाराच्या चौकटी, पाळणा, आणि शेवटी तिरडीचे बांबूसुद्धा. सुगीत खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. माझ्या लहानपणी ज्वारीच्या पोत्यांचा तो मान मी पाहिलाय. अगदी शेवटचा शेवटचा. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली, तालुक्याच्या दुकानात तयार दारं मिळायला लागली. अण्णांचा वाकस, करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट, गुण्या हे सगळं कोठीतल्या पेटीत गेलं.

अण्णांनी मला त्या पेटीला कधी हात लावू दिला नाही. लपून वाकस उचलला तर पाठीत धपाटा बसायचा. "ह्यात काय ठिवलंय? तू शीक." मी शिकलो, डी.एड. झालो, जिल्हा परिषदेत लागलो. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण घरातली तीन पिढ्यांची कला माझ्या हातात आली नाही ती नाहीच. रंधा कसा धरायचा हे मला पस्तिसाव्या वर्षी यूट्यूबवर बघावं लागलं, आणि ज्यांच्याकडून शिकायचं ते शेजारच्या खोलीत बाजेवर बसून होते. याचं कधी कधी हसू येतं, कधी कधी येत नाही.

अण्णांच्या कामातली एक गोष्ट मला सगळ्यांत अवघड वाटते, ती म्हणजे तिफणीचं चाडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेरताना माणूस मुठीतलं बी ज्या लाकडी वाटीत सोडतो ते चाडं. वाटीच्या तळाला भोकं असतात, त्या भोकांना नळ्या, नळ्यांच्या खाली फण. तीन भोकांतून बी सारखं पडलं तरच तीन ओळी सारख्या उगवतात. एक भोक केसभर मोठं झालं की एक ओळ दाट आणि दुसरी विरळ, आणि ते पुढचे चार महिने सगळ्या गावाला रानात दिसणार. अण्णा हे चाडं एका ओंडक्यातून कोरायचे, मोजपट्टी न लावता. भोकात बोट घालून बघायचे. बोट हेच माप.

यंत्र घेतलं २०२१ साली. शाळा बंद होत्या, मुलांचा अभ्यास मोबाइलवर चालला होता, म्हणजे ज्याच्या घरी मोबाइल त्याचा चालला होता. वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता जमा झाला होता. बायकोनं कूलरचं मनात धरलं होतं. मी यंत्र मागवलं. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मला त्याबद्दल काय काय ऐकावं लागलं ते या निबंधाच्या विषयात बसत नाही.

खोक्यातून पट्ट्या, स्क्रू, मोटरी आणि एक हिरवा बोर्ड निघाला. जोडायला दोन दिवस लागले. या जातीच्या यंत्राला '३०१८' म्हणतात, कारण ते साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद एवढ्याच जागेत काम करतं. उंचीला साडेचार सेंटिमीटर. अण्णांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "हे तर पोरांचं खेळणं हाय." चूक नव्हते. मोठ्या कारखान्यांतल्या राउटरपुढे हे खेळणंच.

आता मुलांसाठी थोडं गणित. मला राहवत नाही. या यंत्रातली मोटर एकदम फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं फिरते. एक टप्पा १.८ अंशांचा. म्हणजे पूर्ण ३६० अंशांच्या फेरीला २०० टप्पे. माझ्या यंत्राचा बोर्ड प्रत्येक टप्प्याचे आणखी १६ भाग करतो. झाले ३२०० भाग. एका फेरीत स्क्रू कातरीला ४ मिलिमीटर पुढे नेतो. मग एका मिलिमीटरला किती भाग? ८००. सातवीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर घातलं तेव्हा उत्तर आल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे केसापेक्षा बारीक?" हो, कागदावर केसापेक्षा बारीक. प्रत्यक्षात स्वस्त यंत्राची चौकट थोडी लवते, कातरी थोडी थरथरते, आणि लाकूड त्याच्या मनाचं असतं. गणितातला मिलिमीटर आणि लाकडातला मिलिमीटर एक नसतो, हे मला चांगल्या दोनतीन फळ्या वाया गेल्यावर कळलं.

यंत्राला जी भाषा कळते तिला जी-कोड म्हणतात. बघायला ती पाढ्यांसारखी दिसते. जी-शून्य म्हणजे न कापता पटकन जा. जी-एक म्हणजे सरळ रेषेत कापत जा. एक्स आणि वाय म्हणजे फळीवरची जागा, आणि झेड म्हणजे उंची. फळीचा वरचा पृष्ठभाग म्हणजे शून्य. तिथून वर गेलं की अधिक, लाकडात शिरलं की वजा. पूर्णांक संख्या शिकवताना आपण तापमान आणि विहीर अशी उदाहरणं देतो, पण ऋण संख्येचा खरा धाक मला या यंत्रानं दाखवला. एकदा '-१.०' च्या जागी मी '-१०' लिहिलं. दशांश चिन्ह राहिलं. कातरी एक मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटर खाली घुसली, मोटर रडली, आणि टक् असा आवाज. कातरीचा तुकडा उडून कोठीच्या पत्र्यावर वाजला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून नियम असा की सुरक्षेचा चष्मा आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, आणि पोरं बघायला आली तर त्यांना दाराच्या आत घ्यायचं नाही. लाकडाची बारीक धूळ छातीत जाते. प्लायवूड आणि एमडीएफची तर जास्तच वाईट, कारण त्यात चिकट रसायन असतं.

आकड्यांनी यंत्र चालवायची ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होता. त्या पात्यांचा वळणदार आकार अचूक यावा म्हणून त्यानं बिंदूंचे आकडे काढून त्यांवरून कापायची पद्धत सुरू केली. पुढे एमआयटी या संस्थेत त्या विचारातून भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं यंत्र तयार झालं, आणि १९५२ मध्ये ते लोकांना दाखवलं गेलं. तेव्हा त्याचा कारभार मोठाल्या कपाटांत मावायचा. आज तेच काम हाताच्या तळव्याएवढा बोर्ड करतो, आणि त्यातली ग्रबल नावाची आज्ञावली नॉर्वेतल्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यानं २००९ मध्ये लिहून सगळ्यांना फुकट खुली केली. आपल्याकडेही याची मुळं आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. एमआयटीच्या बाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांत २००२ सालची पाबळची आहे. आता अटल टिंकरिंग लॅब बऱ्याच शाळांना मिळाल्यात, तिथं थ्री-डी प्रिंटर आहेत. आमच्या शाळेला नाही, आमची सातवीपर्यंतची दोन खोल्या आणि एक व्हरांडा अशी शाळा आहे. असो.

सुरुवातीला मी सगळ्यांसारख्याच वस्तू केल्या. स्वतःच्या नावाची पाटी, मेहुण्याच्या नावाची पाटी, मोबाइल ठेवायचा स्टँड. देवळाच्या पायरीवर कोरलेला असतो तसा वाघ-बकरीचा पट केला, तो शाळेत फार चालला. पोळ्याला लाकडाचे सपाट बैल कापले. पोरांनी ते रंगवले आणि शिंगांना लोकर बांधली.

लाइट हा आमच्याकडचा वेगळाच धडा. नऊला गेली तर कधी अकराला येते, कधी येतच नाही. यंत्र अर्ध्या कामात बंद पडलं की आपण कुठं होतो हे ते साफ विसरतं. परत लाइट आल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचं म्हटलं तर त्याला 'तिथून' म्हणजे कुठून ते माहीत नसतं. पहिल्या तीन फळ्या मी अशाच घालवल्या. रेघ तुटून बोटभर शेजारी सरकलेली. शेवटी उपाय सापडला तो साधा. काम सुरू करायच्या आधी फळीच्या एका कोपऱ्यात बारीक भोक पाडून ठेवायचं. लाइट आली की कातरीचं टोक त्या भोकात नेमकं बसवायचं आणि सांगायचं, हे तुझं शून्य. शेताची मोजणी करणारे लोक बांधाचा दगड शोधतात ना, अगदी तसं.

आता मुख्य गोष्ट.

२०२१-२२ चा ऊसतोडीचा हंगाम कुणी विसरणार नाही. ऊस इतका होता की संपता संपेना. एरवी पाडव्याच्या आगंमागं परतणारी माणसं त्या वर्षी मे-जूनपर्यंत फडातच. आमच्या गावातून दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि संगं लहान पोरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. ज्यांचे आजी-आजोबा धड आहेत ती पोरं गावात राहतात, हंगामी वसतिगृहाची जेवणाची सोय असते. पण आजी थकलेली असली, किंवा घरात तान्हं बाळ सांभाळायला पाहिजे असलं, की पहिली-दुसरीतली पोरगी आईबरोबर जाते. शाळेतून आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवून तिथल्या शाळेत बसता येतं. काही बसतात. सगळी बसत नाहीत.

त्या वर्षी जूनमध्ये पहिलीची एक मुलगी परत आली. जाताना तिला ग, म, भ, न येत होतं. 'मगन गमन' करून नाचायची. परत आली ती फळ्याकडं बघून गप्प. मी 'ग' काढला तर म्हणाली, "काना हाय." नुसता काना ओळखू येत होता. आठ महिन्यांत बाकी सगळं पुसलं गेलं होतं. पाटी-पेन्सिल नेली नव्हती का, विचारलं. नेली होती, पाटी पहिल्याच आठवड्यात फुटली. वही चुलीजवळ पेटवणीला गेली.

तेव्हा डोक्यात आलं की फुटणार नाही अशी पाटी करू. पूर्वी मुलं धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची. आमच्या आजोबांनी तशीच गिरवली. मारिया मॉन्टेसरीनं खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना बोटानं फिरवायला दिली. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास मिळेल त्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. म्हणजे कल्पना माझी नव्हेच. मी फक्त असं ठरवलं की लाकडात अक्षराची खाच पाडायची, बोट त्यात बसेल एवढी. बोट फिरवलं की हात आपोआप वळण शिकेल. पेन्सिल नको, वही नको, लाइट नको, मोबाइल नको.

एका पाटीवर आठ अक्षरं बसत होती. ग म भ न वर, र त ल स खाली. गरम, नगर, मगर, भरत, सरल असे शब्द होतात म्हणून ती निवडली.

पहिल्याच पाटीला अडचण आली. संगणकातला फॉन्ट म्हणजे अक्षराची बाहेरची कड असते. यंत्रानं 'ग' ची रूपरेषा कापली, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन रेघा, मधे लाकूड तसंच. त्यावर बोट फिरवणार कुठं? शिवाय बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' दांडीचा येतो आणि आमच्या पहिलीच्या पोरांना पाकळीचा शिकवलेला. मग इंकस्केप नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आठही अक्षरं एकेरी रेघेनं स्वतः काढली. फळ्यावर जसं काढतो तसं. त्यात सुटीचे चार दिवस गेले. वीस वर्षं फळ्यावर काढलेला 'भ' माऊसनं काढताना मला येईना. कुठल्या ठिकाणी वळतो, किती वळतो, हे हाताला माहीत होतं, मला नव्हतं.

अक्षरं कापली. सहा मिलिमीटरची गोल तोंडाची कातरी, खोली तीन मिलिमीटर, पण एका दमात अर्धाच मिलिमीटर; छोट्या मोटरीला जास्त झेपत नाही. एका पाटीला अर्धा-पाऊण तास लागायचा. पाटी छान दिसत होती. आठवड्यानं ती पापडासारखी वाकली.

अण्णांना दाखवली. यंत्र आणल्यापासून कोठीत ते असे मुद्दाम आले नव्हते. त्यांचे हात आता थरथरतात, पटाशी धरवत नाही. पाटी उलटी करून बघितली, नखानं दाबली, नाकाशी नेली. "वलं लाकूड हाय हे. मिशनीला काय कळतंय? तुला तरी कळाया पायजे." मग कोठीच्या माळ्यावर बोट केलं. तिथं कडुनिंबाच्या फळ्या होत्या, रस्ता रुंद करताना पडलेल्या झाडाच्या. पाचसहा वर्षांपूर्वी त्यांनी चिरून आणून, मधे काड्या घालून रचून ठेवल्या होत्या. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सुताराच्या घरात लाकूड असावं म्हणून. लिंबाला कीड लागत नाही, पोरांनी तोंडात घातलं तरी कडू लागून सोडतील, आणि वजनाला सागवानापेक्षा फार नाही. माझा प्रश्न मिटला.

कापल्यावर खाचेच्या कडेला कुसळं राहत होती. बोटात शिरली असती. मी पॉलिश पेपर घासून घासून दमलो, तरी दुसऱ्या दिवशी हात फिरवला की खरखर. अण्णा म्हणाले, "वल्या फडक्यानं पूस, वाळू दे, मग घास." ओल्या फडक्यानं लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात आणि मग घासल्यावर कायमचे जातात. असं नंतर मी कुठंतरी वाचलं. अण्णांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं. वरून जवसाचं तेल चोळलं.

आणि मग ती गोष्ट झाली ज्यासाठी मी हा निबंध लिहायला घेतला. अण्णा दुसरीतून शाळा सोडलेले. सही करतात, एसटीची पाटी वाचतात, पण लिहिणं नाही. तेल चोळता चोळता त्यांचं बोट 'र' च्या खाचेत गेलं आणि ते फिरवायला लागले. खालच्या शेपटीपासून वर. उलटं. मी मास्तर, लगेच म्हणालो, "अण्णा, वरून सुरू करायचं." ते थांबले. म्हणाले, "ते ह्या लाकडाला कुठं लिवलंय? पोरीला फडात कोण सांगणार हाय?"

मी गप्पच झालो. अक्षर दिसायला बरोबर होतं, पण सुरुवात कुठून करायची हे त्यात नव्हतं. शाळेत मी हात धरून सांगतो. फडात हात धरणारं कुणी नाही, आई पहाटे चारला कोयता घेऊन जाते. मी बाण कोरायचा म्हटलं. अण्णा नको म्हणाले. "बाण तिला वाचाया यील का? भोक पाडायच्या आदी आमी जागंवर टोचा मारतो. गिरमिटाचं टोक आपसूक तिथंच बसतंय. तसा खड्डा कर. बोट तिथं जाऊन बसंल."

केलं तसं. प्रत्येक रेघ जिथं सुरू होते तिथं कातरी आणखी दोन मिलिमीटर खाली. जी-कोडमध्ये प्रत्येक रेघेमागं एक ओळ वाढली, एवढंच. डोळे मिटून बोट फिरवलं तरी खळगा लागतो. 'ग' ला तीन खळगे: आधी पुढची गोळी-दांडी, मग काना, मग शिरोरेषा. तीन वेगळ्या रेघांचा क्रम कसा कळावा, हा प्रश्न राहिलाच होता. त्यासाठी पहिल्या रेघेचा खळगा सगळ्यांत खोल, दुसऱ्याचा कमी, तिसऱ्याचा त्याहून कमी केला. हे कितपत कळेल याची मला खात्री नव्हती. अजूनही नाही.

२०२२ च्या दसऱ्याआधी सहा पाट्या झाल्या. पाटीला वर भोक पाडून सुतळी बांधली, म्हणजे गाडीत, कोपीत अडकवता येईल. सहा मुलांना दिल्या. सांगितलं, रोज एकदा बोट फिरवायचं, शब्द आईला म्हणून दाखवायचे.

पुढच्या वर्षी पाडव्यानंतर मुलं परत यायला लागली. हिशेब सांगतो. सहापैकी चार पाट्या परत आल्या. एक हरवली. एक जाळली. ज्याची जाळली त्यानं अगदी सरळ सांगितलं, "सर, थंडी लई होती, आन बापानं चुलीत घातली." मी काही बोललो नाही. लिंबाचं वाळलेलं लाकूड चांगलं पेटतं.

चार पाट्यांपैकी एक कोरी करकरीत होती, सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. बाकीच्या तीन पाट्या मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होतो. खाचा काळ्या झाल्या होत्या. चुलीची काजळी, उसाचा चिकटा, हाताचा मळ. पण सगळ्या सारख्या काळ्या नव्हत्या. ज्या अक्षरावर बोट जास्त फिरलं ते जास्त काळं आणि गुळगुळीत. ग आणि म सगळ्यांचे काळे. भ एकाच पाटीवर काळा, दुसऱ्या दोन्हींवर लाकडाचा पिवळा रंग तसाच. कुणाला काय जमलं आणि कुठं पोर अडलं हे पाटीनं स्वतःच लिहून आणलं होतं. मी एवढ्या चाचण्या घेतो, इतकी स्वच्छ उत्तरपत्रिका मला कधी मिळाली नव्हती.

नाचणाऱ्या त्या मुलीची पाटी यातलीच एक. तिला आठांपैकी सहा अक्षरं आली, भ आणि स नाही. पण तिच्याबरोबर तिचा भाऊ आला होता, शाळेत अजून नाव नसलेला. तो व्हरांड्यातल्या धुळीत बोटानं 'म' काढत बसला होता. बरोबर क्रमानं. "ह्याला कुणी शिकवलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "म्याच. दुपारी ह्याला झोप येत नाय, मग पाटी देते."

'भ' मी आता दोनदा बदललाय. त्याची गाठ लहान होती, पोराचं बोट तिथं अडकायचं. कातरीचा मार्ग थोडा मोठा वळवला आणि अक्षर एक सेंटिमीटरनं वाढवलं. त्यामुळं पाटीवर आठांऐवजी सहाच अक्षरं बसतात. र आणि स मागच्या बाजूला गेले. बायको म्हणते, विकत का देत नाही, लोक घेतील. दोनतीन शिक्षकांनी मागितल्या, त्यांना चित्राची फाइल दिली, पाटी नाही. जिथं यंत्र नाही तिथं गावच्या सुताराकडून पटाशीनं करून घ्या म्हटलं. सुतार कुठं आहे, हा पुढचा प्रश्न.

अण्णा आता रोज संध्याकाळी कोठीत येतात. यंत्र सुरू असलं की दारात खुर्ची टाकून आवाज ऐकतात. आवाज बदलला की आतून माझ्या आधी त्यांना कळतं, "थांबीव, गाठ आली." खरंच गाठ आलेली असते. परवा त्यांनी पेटी उघडून एक जुनं चाडं काढलं आणि विचारलं, "हे हुईल का तुज्या मिशनीवर?" मी मोजून बघितलं. चाड्याची खोली साडेचार सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे, कातरी तळापर्यंत पोचत नाही. दोन तुकड्यांत करून जोडता येईल म्हणालो. "जोडलेलं चाडं," ते म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत. चाडं मात्र परत पेटीत ठेवलं नाही, टेबलावरच आहे.

यंदा अकरा मुलं जाणार आहेत, त्यांत दोन जुळी. दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत. माळ्यावरच्या फळ्या संपत आल्यात, सात पाट्या निघतील. उरलेल्या चारसाठी लाकूड बघायला रविवारी अण्णांना घेऊन जाणार आहे.